मामाआजोबांची बुटकी गाडी

चि. ईशान आणि चि. सई,

ईशान, तू पाठवलेला फोटो मी दोन बोटांनी मोठा करून करून पाहिला. घरापुढच्या उतारावर तुझी ती दोन माणसांची बुटकी गाडी, तिचं तोंड वर उचललेलं, आणि खालून बाहेर आलेले तुझे पाय. खाली तू लिहिलंस, "आजी, सेम टू सेम मामाआजोबा!" फोटो चांगला आला आहे. पण त्यात मला एक जॅक दिसला आणि जॅकखेरीज गाडीला धरणारं दुसरं काहीच दिसलं नाही. मामाआजोबांसारखं त्यात काहीही नव्हतं.

ते जाऊन आता वर्ष होत आलं. तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलं ते सुट्टीत, आणि तेही आंबे खाताखाता. बाकीचं तुम्हांला अर्धंमुर्धंच माहीत आहे. फोनवर सांगायला गेले तर सई मध्येच हसवते आणि माझा क्रम सुटतो. म्हणून लिहून ठेवते आहे. दोघांनी वाचा. ईशानने दोनदा.

मामाआजोबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ बापू, गाडी उचलायची असली की आधी गाडीकडे बघतच नसे. तो जमिनीकडे बघे. बनियन आणि अर्धी विजार घालून तो अंगणात उकिडवा बसे आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेका शहाबादी फरशीवर टक टक करी. कान तिरका, डोळे मिटलेले. भरीव फरशीचा आवाज वेगळा, पोकळ फरशीचा वेगळा. दातांचा डॉक्टर होता तो. पेशंटचे दात त्याने जन्मभर असेच ठोकून पाहिले. सवयीने त्याच्या तोंडून निघून जाई, "इथे दुखतं?" आणि स्वयंपाकघरातून त्याची बायको, तुमची पद्माआजी, ओरडे, "दुखतंय की! सगळंच दुखतंय! आधी चहा घ्या, डॉक्टर!" लग्नाला इतकी वर्षं होऊनही ती त्याला डॉक्टरच म्हणायची. पहिल्यांदा ती त्याच्याकडे दाढ दाखवायला आली होती, तेव्हापासूनचं ते.

नव्या पेठेत जिना चढून गेलं की दोन खोल्यांत त्याचा दवाखाना होता. बापूचे हात आमच्या घरात लहानपणापासून नावाजलेले. सगळ्या आत्या-मावश्या सुईत दोरा ओवायला त्यालाच हाक मारत. दवाखान्यात रडत आलेलं पोर खुर्चीत बसलं की तो त्याच्याशी शाळेच्या, क्रिकेटच्या गप्पा मारत राही आणि गप्पा संपायच्या आत दात बाहेर आलेला असे. मग एके सकाळी चिमट्यात कापसाचा बोळा धरलेला असताना त्याला दिसलं की बोळा हलतो आहे. त्याने हात खाली घेतला, पुन्हा वर केला. बोळा हलतच होता. त्या दिवशीचे पेशंट त्याने दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले आणि दवाखाना पुन्हा उघडला नाही. कोणाच्या लक्षात यायच्या आत त्याने तो बंद केला. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी कंपवात असं नाव सांगितलं. परत येताना गाडीत बापू मला म्हणाला, "अक्का, नाव मला माहीत होतं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकावं म्हणून गेलो, इतकंच."

बापूची ती बुटकी लाल गाडी त्याआधीच आमच्या कंपाउंडमध्ये आलेली होती. माझं घर आणि बापूचं घर यांत कमरेएवढी भिंत, त्यामुळे सगळं मला दिसायचंच. विजापूर रोडवरच्या एका जुन्या बंगल्यात ती चिंचेखाली पडून होती. मालकांची मुलं परदेशी गेलेली, कोणाला नको होती. इंजिन मागे, माणसं पुढे, आणि बूड जमिनीला इतकं लागलेलं की आमची मांजर खालून जाताना पोट घासत जायची. रंग लाल म्हणायचा, पण उन्हाने विटून भाजक्या विटेसारखा झालेला. ती ढकलत आणली तेव्हा शेजारचे माने फाटकात उभे राहून म्हणाले, "डॉक्टर, लई भारी हाय की! पण यापरीस एखादी म्हैस घ्यायची. दूध तरी दिलं असतं तिनं."

बापू हसला, पण त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. पद्मा इथल्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातली. आम्ही कारकुनी पेशातले. दोन्हीकडून लग्नाला नकार होता. लग्न लावून दोघं घरी आली ती कोणाच्या तरी मागून आणलेल्या स्कूटरवर, आणि तीही वाटेत बंद पडली. नवी साडी सावरत पद्माने स्कूटर ढकलली. त्या वेळी बापूने तिला म्हटलं होतं, "एक दिवस तुला अशा गाडीत बसवीन की सगळी पेठ वळून बघेल." पद्मा ते विसरून गेली. बापू विसरला नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती: ही गाडी आपल्या हातांनी दुरुस्त करायची, आपणच चालवायची, आणि पद्माला शेजारी बसवून सिद्धेश्वरच्या तळ्यापर्यंत एक फेरी मारून यायचं. दवाखाना बंद झाल्यावर त्या इच्छेला एक शेपूट जुळलं, ते म्हणजे, हात चालताहेत तोवर.

पद्माने मात्र आपली अट घातली होती. ती म्हणायची, "चालत्या गाडीत बसेन. उभ्या गाडीत बसायला मी काय देवळातली मूर्ती आहे होय?" बापूने कितीदा तरी दार उघडून धरलं, सीट पुसून दिली. ती पदर खोचून उभी राहायची आणि म्हणायची, "आधी चालू तर करा."

आता गाडी उचलण्याचं. ईशान, इथे नीट लक्ष दे.

बापूच्या दवाखान्याखालच्या बोळात एक गॅरेज होतं. एकदा दुपारी खालून आरडाओरडा झाला आणि दोन माणसं जिना चढून आली, "डॉक्टर, या की लवकर!" बापू तसाच एप्रनवर धावला. एक मेकॅनिक गाडीखाली होता. जॅकमधलं तेल गळत होतं, हे कोणी पाहिलं नव्हतं. जॅक हळूहळू बसत गेला आणि गाडी त्या माणसाच्या छातीवर आली. सगळ्यांनी मिळून गाडी उचलली, त्याला बाहेर काढलं, आणि मग सगळे बापूकडे बघत उभे राहिले. बापूने मला हे एकदाच सांगितलं. "अक्का, ते सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. डॉक्टर आला म्हणून. आणि मी दातांचा डॉक्टर होतो." त्या माणसाला हॉस्पिटलमध्ये पोचवेपर्यंत काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून त्याचं एक वाक्य ठरलेलं: "जॅक उचलतो. धरत नाही." गाडी वर न्यायची तेवढी जॅकने. ती धरायची स्टँडने, जाड लोखंडी पायांच्या स्टँडने, ज्यांना गॅरेजवाले घोडी म्हणतात. स्टँड लागेपर्यंत बापू गाडीखाली हात काय, झाडूसुद्धा घालू देत नसे.

बुटक्या गाडीची अडचण अशी, की साधा जॅक तिच्याखाली शिरतच नाही. लोक मग दरवाज्याखालची पट्टी पकडतात, ती पातळ असते, वाकते आणि गाडी घसरते. बापूने सागवानाच्या जाड फळ्या कापून घेतल्या होत्या. आधी गाडी ढकलून तिची चाकं त्या फळ्यांवर चढवायची. तेवढ्याने बूड वर येतं आणि चाकांचा बसका जॅक आत सरकतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. गाडी वर गेल्यावर पान्याला हिसडे द्यायचे नाहीत. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून दगड. यावर त्याचा फार जोर. मागची बाजू उचलली की हँडब्रेकचा काही उपयोग उरत नाही, कारण तो मागच्याच चाकांना धरतो आणि ती तर हवेत असतात. जॅकचं डोकं कुठे लावायचं ती जागा ठरलेली असते, गाडीच्या पुस्तकात चित्र असतं. अंदाजाने लावायचं नाही. मध्ये रबराचा तुकडा. जॅक वर जाताना थोडा पुढे सरकतो, त्याला सरकू द्यायचं, म्हणून जमीन सपाट हवी आणि झाडलेली हवी. तुझ्या त्या उतारावर बापूने गाडी उचललीच नसती. मग स्टँड लावायचे, जॅक हळू उतरवून वजन स्टँडवर द्यायचं, काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवायचं, आणि शेवटी गाडीला दोन्ही हातांनी चांगलं गदागदा हलवायचं. "पडायची असेल तर आत्ता पड," असं तो तिला सांगे.

या सगळ्यात माझं काम खुर्चीवर बसण्याचं. हात थरथरायला लागल्यावर पद्माने फर्मान काढलं होतं, "वदिना समोर बसल्या असतील तरच गाडीखाली जायचं." वदिना म्हणजे मी, तिच्या तेलुगूत थोरल्या नणंदेला तसं म्हणतात. मी माझ्या ओसरीवरची वेताची खुर्ची घेऊन जायची, चष्मा लावायची आणि त्या गाडीचं इंग्रजी पुस्तक मांडीवर उघडायची. बापूला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. पण त्याला प्रत्येक पायरी कोणीतरी मोठ्याने वाचलेली हवी असे. मी वाचायची, तो करायचा, आणि "झालं" म्हटल्याशिवाय मी पुढचं वाक्य वाचायचं नाही. आयुष्यभर शाळेत मुलींना धडे वाचून दाखवले, पण इतका एकचित्त विद्यार्थी मला मिळाला नाही. एकदा मी चुकून पान उलटताना एक ओळ गाळली, तर गाडीआडून आवाज आला, "अक्का, दगड राहिले."

पण एवढं सगळं करून गाडी मात्र चालू होत नव्हती. हे मला तुम्हांला सरळच सांगायला हवं. इंजिन सुरू झालं की कूलिंगचं पाणी गळे. ते थांबलं की क्लच जाई. क्लच आणायला मुंबई, मुंबईत नाही म्हणून परदेशातून, परदेशातून आला तो दुसऱ्याच गाडीचा. बापूचा मित्र रियाजभाई गॅरेजवाला. तो अधूनमधून येऊन बसे, विडी न पेटवता तोंडात धरे आणि म्हणे, "डॉक्टरसाब, गाडी तो बन जाती, पण सामान कां से लाना?" बापू म्हणे, "आणू की." रियाजभाई माझ्याकडे बघून मान हलवी. मी पुस्तकात बघे.

तिकडे हातांचंही आपलं चाललंच होतं. आधी उजवा अंगठा, मग हात, मग डावा हात. शर्टाची बटणं पद्मा लावून देऊ लागली. बापूने कामाच्या वेळा बदलल्या. सकाळची गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने हात शांत व्हायचे आणि तासभर तसे राहायचे. त्याला तो "माझा तास" म्हणायचा. त्या तासात तो नट फिरवायचा, तार जोडायचा, आणि तास संपत आला की स्वतःच हत्यारं खाली ठेवायचा. पुढे तो तासही आखूड होत गेला. पुण्याच्या डॉक्टरांनी एका खेपेला सांगितलं, "आता गाडी चालवणं बंद केलेलं बरं. पुढच्या भेटीत मी तसं लिहूनच देणार आहे." बापूने विचारलं, "पुढची भेट कधी?" डॉक्टर म्हणाले, "पावसाळ्यानंतर." बापू मला म्हणाला, "म्हणजे पावसाळा संपेपर्यंत आहे."

त्या उन्हाळ्यात त्याने जिवाचा आटापिटा केला, आणि खरं सांगते, गाडी होत आली. इंजिन सुरू व्हायचं आणि सुरू राहायचं. गाडी अंगणातल्या अंगणात दोन हात पुढे, दोन हात मागे जायची. मानेसुद्धा भिंतीवरून बघून म्हणाले, "डॉक्टर, आता म्हशीचं कॅन्सल." राहिलं होतं ते फक्त मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकचं काम. एका सकाळचं काम. पद्माने कपाटातून तिची मोरपंखी इरकल साडी काढून दांडीवर वाऱ्याला टाकलेली मी पाहिली.

इथलं पाणी तुम्हांला माहीत आहे. नळाला चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून घरोघरी अंगणात जमिनीखाली टाक्या. पाणी आलं की सगळ्या गल्लीत मोटारी सुरू होतात आणि दोन माणसांना समोरासमोर ओरडून बोलावं लागतं. ब्रेकचं काम ठरलं त्या दिवशी पाणी अवेळी आलं, नेमकं बापूच्या तासात. तो अंगणात उकिडवा बसून फरशी ठोकत होता. त्याने दोनदा ठोकलं, कान लावला, मान हलवली. मग घराकडे वळून ओरडला, "पद्मा, दोन मिनिटं मोटार बंद कर!"

ती दारात आली. "आपली बंद करून काय होणार? सगळ्या गल्लीच्या चालू आहेत. आणि टाकी भरली नाही तर पाच दिवस काय करायचं?"

बरोबरच होतं तिचं. बापूने आपल्या हातांकडे पाहिलं. ते शांत होते. त्याने पुन्हा एकदा फरशी ठोकली, हातोडीचा दांडा थोडा वेळ तसाच धरून बसला, आणि म्हणाला, "चल अक्का, वाच."

मी वाचलं. त्याने केलं. मागची चाकं फळ्यांवर, पुढच्या चाकांना दगड, नट सैल, जॅक, रबर, स्टँड. जॅक त्याने थोडा उतरवून तिथेच गाडीखाली राहू दिला, जास्तीचा आधार म्हणून. चाक काढलं, कडेखाली आडवं सरकवलं. एकही ओळ सुटली नाही. मग त्याने गाडीच्या मागच्या कोपऱ्याला दोन्ही हात लावले आणि हलवली.

आवाज गाडीचा आला नाही, जमिनीचा आला. डाव्या स्टँडखालची फरशी मधोमध तडकली आणि स्टँडचा पाय आत गेला. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. त्यात टाकी भरून वाहिली की दर वेळी कडेने थोडी थोडी माती वाहून गेली असणार. वरून फरशी शाबूत, खाली पोकळी. गाडी डावीकडे कलली, उजवा स्टँड आडवा झाला, आणि सगळं वजन खाली आलं ते त्या आडव्या ठेवलेल्या चाकावर आणि मध्ये राहिलेल्या जॅकच्या डोक्यावर. काहीतरी मोठं तडकल्याचा आवाज मोटारींच्या आवाजातूनही आला. फरशांवर काळं तेल पसरू लागलं.

बापू उभाच होता. गाडीपासून हातभर अंतरावर, हात अजून पुढे धरलेले. पद्मा धावत आली, तिने त्याला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं, छाती, पोट, हात चाचपून पाहिले. तो माझ्याकडे बघत होता.

"अक्का, पद्धत बरोबर होती ना?"

मी म्हटलं, "बरोबर होती."

"मी खाली नव्हतो."

"नव्हतास."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि फरशीवर खाली बसला. तास संपला होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर थडथडत होते आणि त्याने ते थांबवायचा प्रयत्नही केला नाही.

दुपारी रियाजभाई आला. त्याने पोटावर पालथं पडून बॅटरीने खाली पाहिलं, पण आत गेला नाही. बापूची शिस्त त्यालाही लागली होती. उठून गुडघे झटकत म्हणाला, "गिअरबॉक्स का कवच फुट गया, डॉक्टरसाब. आरपार." बापूने विचारलं, "वेल्डिंग?" रियाजभाईने विडी तोंडातून काढली. "दिल रखने कू हौ बोलूं क्या?" बापू म्हणाला, "नको."

ते कवच शेवटपर्यंत मिळालं नाही. मी स्वतः तुमच्या बाबांना सांगून तिकडच्या दुकानांतून शोधायला लावलं. कोणाकडेच नव्हतं. पावसाळा संपला, पुण्याची भेट झाली, डॉक्टरांनी लिहून दिलं. त्यानंतर बापू अंगणात येऊन बसायचा, पण गाडीकडे पाठ करून. एकदा, फक्त एकदा, त्याने पद्माला विचारलं, "नुसती बसतेस का आत? पाच मिनिटं. मी शेजारी बसतो." मी भिंतीपलीकडे तुळशीला पाणी घालत होते. मला वाटलं, आता तरी ही बसेल.

पद्मा म्हणाली, "चालत्या गाडीत बसेन म्हटलंय ना? तुम्ही चालू करा, मी साडी नेसून तयार आहे."

बापू पुन्हा गाडीकडे पाठ करून बसला. मला तिचा फार राग आला. दोन दिवस मी तिच्याशी मोजकंच बोलले.

मग तो लवकर खचत गेला. चालणं गेलं, मग बोलणं पुटपुटण्यावर आलं, घास गिळणं अवघड झालं. शेवटी छातीत कफ झाला आणि हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो गेला. शेवटचं काही बोलला का, असं सगळे विचारतात. काही बोलला नाही. पद्मा त्याचा हात धरून बसली होती, आणि तो हात हलायचा थांबला तेव्हा तिला कळलं.

गाडी महिन्यापूर्वी गेली. मोडीत घेणारे ट्रक घेऊन आले आणि ती साखळ्यांनी ओढून वर चढवली. ट्रक वळेपर्यंत पद्मा फाटकात उभी होती. मग ती माझ्या ओसरीवर येऊन बसली आणि मी न विचारताच म्हणाली, "वदिना, तुम्हांला वाटलं असेल, किती दुष्ट बाई ही. त्या दिवशी मी आत बसले असते ना, तर त्यांचं काम तिथेच संपलं असतं. बसली, झालं. दुसऱ्या दिवशी ते उठले नसते. मला ते उठायला हवे होते."

"पण तो परत गाडीकडे गेलाच नाही, पद्मा."

"नाही गेले," ती म्हणाली. "तेच तर."

तिचा हिशेब चुकला होता आणि ते तिलाही कळलं होतं. फेरी झाली नाही ती नाहीच झाली. इतक्या वेळा, इतक्या काळजीने उचललेली ती गाडी आमच्या फाटकाबाहेर गेली ती साखळीनेच.

मी यातून तुम्हांला काही शिकवण काढून देऊ शकत नाही. बापूने सगळं बरोबर केलं, त्यामुळे तो गाडीखाली मेला नाही, अंथरुणात गेला. बरोबर करण्याने एवढंच मिळतं. पण ईशान, तेवढं तरी तू करच. स्टँड विकत घे, सपाट जागा बघ, आणि सईला खुर्चीवर बसव. ती फार हसेल, तरी बसव.

पद्माची तब्येत ठीक आहे. अंगणातली ती फरशी आम्ही बदलून घेतली. गाडीचं काही राहिलेलं नाही. बापूच्या हातांचं एक काम मात्र अजून आहे. माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेत त्याने फार वर्षांपूर्वी चांदी भरली होती. ती पक्की आहे. मी त्या बाजूने चावते.

तुमची,
आजी